लाइन चार, ग्रिम्स्बी

पहाटे पावणेचारला फोन: चौथी लाइन पुन्हा बसली.
"बसली" हा शब्द माझा. ट्रेव्हर सोवर्बी म्हणाला, मेली.
मेलेलं यंत्र रोज रात्री मरत नाही, मी म्हटलं,
आणि लॅपटॉप, मल्टिमीटर, लोकरीची टोपी घेऊन निघाले
गोदीच्या रस्त्यानं. धक्क्याला एकही बोट नव्हती,
माशांचा वास तेवढा होता,
जागा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा.

पडद्यावर लाल ओळ: फ्रीझरचं दार उघडं आहे.
दार बंद होतं.
मी ढकलून पाहिलं, खांदा लावून पाहिला;
सख्ख्या भावांच्या अबोल्याइतकं घट्ट बंद.

दारावरचा सेन्सर नवाकोरा. महिन्यातला चौथा.
चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीनदा,
आणि तिन्ही संन्यासी ट्रेव्हरच्या खणात,
प्रत्येकाच्या कपाळी त्याच्या अक्षरात: बाद.
मी एकेकाला चोवीस व्होल्ट दिले.
तिघांचेही दिवे लागले.

मग प्रोग्राम उघडला. शिडीच ती, पायरीखाली पायरी,
सत्तेचाळिसाव्या पायरीवर कुणीतरी टायमर बसवलेला,
दोन सेकंदांचा. नाव नाही, तारीख नाही, कारण नाही.
दार उघडं म्हणालं तर दोन सेकंद ऐकू नको,
एवढंच तो यंत्राला सांगत होता.
म्हणजे दुखणं जुनं. अंगावर काढलेलं.

दनुता या पट्ट्यापाशी दहा वर्षं उभी आहे.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
मीही नाही. मी चहाचं मशीन कुठंय ते विचारलं,
तेव्हा तिनं एप्रनमधून खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला.
पेन्सिलीनं तारखा, वेळा. सोळा ओळी.
तीन चाळीस. तीन पस्तीस. तीन पन्नास.
रविवारी काही नाही.
"रविवारी धूत नाहीत," ती म्हणाली
आणि पुन्हा माशांकडे वळली.

धुणारी पोरं तीनला येतात. होज, फेस, गरम पाणी.

मी केबल धरून चालत गेले, दारापासून वर,
छताखालच्या ट्रेमधून, एका खांबामागे,
जिथं रंगारीसुद्धा गेला नव्हता.
तिथं राखाडी डबी. केबल तिच्यात वरून सरळ उतरलेली,
पाण्याला कुणी बोट धरून आत आणावं तशी.
चार स्क्रू. झाकण उघडलं
आणि माझ्या बाहीत चमचाभर पाणी सांडलं.

मला हसू फुटलं.
पाणी कुठे मुरतंय, असं आमच्याकडे
हिशेब जुळेना की विचारतात, जुळलेलं लग्न अडलं की विचारतात.
सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला
खरोखरचं पाणी सापडलं होतं.
ट्रेव्हर म्हणाला, काय झालं?
काही नाही. टॉर्च नीट धर.

बायकांच्या चेंजिंग रूममधला हेअर ड्रायर,
हिरव्या पडलेल्या टर्मिनलांच्या जागी दोन नवी.
डबीचं तोंड खाली केलं, केबलला शिरण्याआधी एक झोळ दिला,
म्हणजे पाणी झोळाच्या पोटाशी येईल, थांबेल,
थेंब होऊन फरशीवर पडेल.
खर्च: एक क्लिप, वीतभर ढील.

शेवटी टायमर काढायला घेतला.
"राहू दे की," ट्रेव्हर म्हणाला, "असला तर काय बिघडतं?"
फार हळू म्हणाला.
मी पडद्यावरून नजर हलवली नाही.
काढला.

रिपोर्टात कारणांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं:
सेन्सर. मोटर. सॉफ्टवेअर. ऑपरेटरची चूक.
मी "इतर"वर टिचकी मारली, खाली दनुताचं नाव लिहिलं,
स्पेलिंग तिला विचारून.

पुठ्ठा पॅनेलच्या दारात, नकाशांच्या खिशात ठेवावा म्हटलं,
पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.
तिनं हात पुढे केला. परत हवा होता.
"सतरावी ओळ आली तर?"
पट्टा सुरू झाला होता. तिनं पेन्सिल कानावर खोचली
आणि घड्याळाकडे पाहिलं.